कप्तानाचे हातमोजे

खोटारडी हे नाव मला आयुष्यात एकदाच पडलं, तेही आभाळातल्या एका जहाजावरून. ऐकणारे हसतात. त्यांना खुशाल हसू द्या. मला अजून हसू आलेलं नाही आणि यापुढे येईल असंही वाटत नाही.

आणीबाणीच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. आमच्या गावी, अनसिंगला, मुलींसाठी सरकारी शिवणवर्ग निघाला होता. एका दुकानामागची खोली, चार पायमशीन, कापायचं एक लांब टेबल आणि आम्ही अकरा जणी. मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिकला इंग्रजीत आपटलेली. आमची वस्ती गावाच्या कडेला. छप्पन्न साली आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा मी मायच्या कडेवर होते, त्यामुळे मागचं काही मला आठवत नाही. गावाला मात्र सगळं आठवत होतं. वर्गात पाण्याचा माठ होता आणि वस्तीतल्या आम्हा दोघी-तिघींना शिवण शिकवणाऱ्या बाई स्वतः पाणी ओतून द्यायच्या. नवख्या माणसाला वाटलं असतं, काय माया आहे.

माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं फाटलेली असत आणि ती भाकरी थापायला लागली की मी दुसरीकडे बघायची. वर्ग संपला की अकरांपैकी एकीला सरकारकडून मशीन मिळणार होती. कोणाला ते बाई ठरवणार आणि तपासणीला येणारे साहेब त्यावर सही करणार. मला ती मशीन हवी होती. इतकी, की मी झोपेत पाय हलवते असं माय सांगायची. मशीन घरी आली की मायला वावरात जाऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. पहिल्याच महिन्यात बाई म्हणाल्या होत्या, "हात तुझाच सगळ्यांत साफ आहे." ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

टेबलाशी माझ्यासमोर बसायची ती बाजारगल्लीतली होती. तिचे वडील वाचनालयाचे सचिव. घरी मशीन होतीच, ती आपली लग्नाआधी शिकून घ्यायचं म्हणून यायची. स्वभावानं हसरी. पहिल्याच आठवड्यात तिनं पिशवीतून एक साप्ताहिक काढलं, आवाज न करता टेबलाखालून माझ्या मांडीवर सरकवलं आणि आमची मैत्री झाली.

त्या साप्ताहिकाच्या मधल्या जाड रंगीत पानावर चित्रांतून एक गोष्ट यायची. एक कप्तान आणि त्याचं आकाशात फिरणारं जहाज. ताऱ्यांवरची राज्यं, तिथल्या राण्या, लढाया, तह, दगे. वाचनालयात बायका जात नसत. आमच्या वस्तीतले पुरुष गेले तरी दारातच उभं राहून पेपर चाळत. जाऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं, पण बसा असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे तिनं आणलेला अंक मला फार मोलाचा वाटायचा.

माझ्याकडेही तिला द्यायला एक गोष्ट होती. दिवाळीनंतर गावाबाहेर तंबू टॉकीज उभी राहायची. त्या वर्षी बाजाराच्या दिवशी दिवेलागणीच्या खेळाला मुख्य पिक्चरच्या आधी अर्ध्या तासाचा एक भाग दाखवत. त्यात तोच कप्तान, तेच जहाज आणि तीच गोष्ट, फक्त जित्याजागत्या माणसांनी केलेली. परदेशी, काळीपांढरी, वरून हिंदी बोलणं चिकटवलेलं. आमच्या वस्तीतल्या बायका जथ्यानं जायच्या आणि भुईवर फतकल मारून बसायच्या. बाजारगल्लीतल्या मुलीला तंबूत जायची परवानगी कुठून मिळणार? म्हणजे चित्रं तिच्याकडे आणि माणसं माझ्याकडे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वर्गात काजं आणि तुरपाईचं काम असे. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. ती चित्रांतलं सांगायची, मी तंबूतलं सांगायची, आणि बाकीच्या नऊ जणींचे दोन तट पडायचे.

"खरा कप्तान चित्रातला," ती म्हणायची. "निळा कोट हाय त्याचा. कसा दिसते पाह्य ना!"

"तुया कप्तानाच्या कोटाले शिवण कुठी हाय?" मी म्हणायची. "ना खांद्याले, ना बाहीले. थो घातला कसा त्यानं? का अंगावरच रंगवला?"

"अन् तुया पिक्चरमंदी जहाजाले दोरी दिसते म्हणे."

"दोरी दिसते, पन घाम बी दिसते. तुया चित्रात घाम म्हणजे तीन थेंब."

असे दिवस होते. शिवणाऱ्या पोरींना दुसरं काय दिसणार? राणीच्या झग्याला किती वार लागलं असेल यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली आहे. माझ्या आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर माझं बोलणं कोणी इतकं कान देऊन ऐकलेलं नाही. मला ते आवडायचं, हे कबूल करते. पुढचं सगळं त्या आवडीतूनच झालं.

सातव्या आठवड्याला तंबूत कप्तान मेला. जहाज सूर्याच्या तोंडाशी ओढलं जात होतं. त्यानं सगळ्यांना छोट्या यानात बसवून पाठवून दिलं आणि एकटा मागे राहिला. मरायच्या आधी त्यानं हातातले हातमोजे काढले, झटकले, एकावर एक नीट ठेवले, आणि सगळा पडदा पांढरा झाला. आमच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी तर रस्ताभर रडत आले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे सगळं करून दाखवलं, हातमोज्यांसकट. दोघी-तिघींनी सुया खाली ठेवून डोळे पुसले.

आणि पुढच्या बाजाराला कप्तान पडद्यावर ठणठणीत उभा! कोणाला नवल नाही, कोणाचा खुलासा नाही. तंबूत थोडी कुजबुज झाली, मग मारामारी सुरू झाली आणि लोक विसरले.

मी विसरले नाही, कारण मला एक गोष्ट दिसली होती. मेला तेव्हा कप्तानाच्या कोटाची उजव्या खांद्याची शिवण उसवलेली होती आणि वर कोणीतरी ओबडधोबड टाके घातलेले होते. या नव्या भागात तोच खांदा कोरा करकरीत होता, एक टाका नाही. मी विचार केला आणि माझ्या मते अगदी बरोबर निष्कर्ष काढला. कोट दोन, तर माणसं दोन. मेला तो एक आणि हा त्याचा भाऊ. शिवणवर्गातली पोरगीच असली अक्कल चालवू शकते.

मी वर्गात सांगितलं, "आला परत."

"कोन?"

"कप्तान."

तिनं सुई थांबवली. "मागच्या बाजाराले मेला म्हणे ना? हातमोजे काढले, थे केलं, असं केलं. अन् आता जित्ता? काहून वं, आमाले येडं समजते काय? चित्रात तर थो मेलाच नाई. अन् मरताना कोनी हातमोजे काढते काय?"

पोरी हसल्या. आठवड्यापूर्वी माझ्या शब्दावर रडवेल्या झालेल्या त्याच पोरी. मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "थो भाऊ होय त्याचा. जुळा. पिक्चरमंदी दाखोलं ना! लहानपनी दोघं हरपले, अन् आता भावाच्या जागी हा आला."

दाखवलं नव्हतं. हे एवढं एक खोटं मी बोलले. मरण खरं, परतणं खरं, खांद्याची शिवण खरी, आणि त्या तिन्ही खऱ्यांना टेकू म्हणून लावलेला भाऊ खोटा. नुसतं "मले वाटते" म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? पण त्या वयात आपण बरोबर आहोत हे पटवायची भारी खाज असते.

आमच्या वस्तीतली एक काकू या बाजारगल्लीवालीच्या घरच्या वावरात वेचणीला जायची. तिनं काकूला विचारलं, "पिक्चरमंदी कप्तानाचा भाऊ दाखोला काय?" काकू म्हणाली, "नाई बा, भाऊ-बिऊ काई नोता." झालं. कप्तान मेला होता का, हे तिनं विचारलंच नाही. काकूनंही विचारल्याखेरीज सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भर वर्गात जाहीर केलं आणि माझं नाव पडलं. बाईंनीही ऐकलं. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, ते मला हसण्याहून जास्त लागलं.

त्यानंतर अंक येणं बंद झालं. "बापू म्हंतात अंक बाहेर न्यायचा नाई," एवढंच ती म्हणाली. आम्ही समोरासमोर बसायचो पण बोलणं कामापुरतं. मी तंबूत जायचं सोडलं नाही. दहाव्या भागात एका झटापटीत कप्तानाचा उजवा खांदा फाटला आणि त्यानं स्वतःच सुई घेऊन ओबडधोबड टाके घातले. मी बघत राहिले. ते टाके मी आधी पाहिले होते. काहीतरी उलटंपालटं झालं आहे एवढं कळलं, पण काय ते सांगता येईना, आणि सांगायचं तरी कोणाला? अकराव्या भागात कप्तान सूर्याच्या दिशेनं निघाला आणि तिथंच मालिका संपली.

मग तपासणी आली. बाईंनी आम्हा दोघींना मिळून एक पोलका शिवायला दिला, छापील छिटाचा, म्हणजे सुलट बाजू एकच. कापड तोकडं होतं, घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येत नव्हत्या. अशा वेळी बाहीचा कागद एकदा सुलटा ठेवायचा, एक बाही कापायची, मग कागद पालथा घालून दुसरी. नाही तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात शिकवलं होतं. पुढचा-मागचा भाग मी कापला. बाह्या तिनं कापल्या, तिनंच घरून कापून आणलेल्या कागदावर. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. तिनं कागद ठेवला, कापलं, उचलला आणि तसाच पुन्हा ठेवला.

"पालथा घाल ना," मी म्हणाले.

"मले समजते," ती म्हणाली आणि कात्री चालवली.

दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या झाल्या. कापड संपलेलं. दारात साहेबांची गाडी.

साहेब पुढं गेल्यावर बाईंनी ते दोन तुकडे उचलले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे कोणी कापलं?"

ती खाली बघून रिळाचा दोरा गुंडाळत होती. मी म्हणाले, "मी नाही कापलं, बाई."

बाई म्हणाल्या, "मग तुझ्या कप्तानाच्या भावानं कापलं असेल."

सगळा वर्ग हसला. साहेबांनी वळून पाहिलं, त्यांना काही कळलं नाही, पण तेही हसले. मी तिच्याकडे पाहिलं. ती दोरा गुंडाळतच राहिली. गुंडाळून झालेलं रीळ पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत होती.

मशीन तिला मिळाली. महिन्याभरानं तिचं लग्न ठरलं. तिच्या रुखवतात ती मशीन मांडली होती म्हणे, वर क्रोशाचा रुमाल घालून. घरची एक होतीच. माय म्हणाली, "जाऊ दे वं पोरी, मी कुठी थकली हाय अजून?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला फडकं बांधून वेचणीला निघाली. मला त्या दिवशी साऱ्या गावाचा राग आला होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

वर्ग संपायच्या आधीच, तंबू उठायच्या दिवशी सकाळी मी तिथं गेले. पिक्चरची मशीन चालवणारा माणूस रिळं पत्र्याच्या डब्यांत भरत होता. मी त्याला सरळ विचारलं, कप्तान मधेच मेला कसा आणि परत आला कसा?

तो म्हणाला, "एकच संच अन् तंबू दोन, बाई. एक हा, एक मानोऱ्याचा. त्या बाजाराले सातवा भाग तिकडंच अटकला. डब्यात आखरीचा होता, थोच लावला. मग पुढं एकेक येत गेले. आखरीचा तं तुमी पाह्यलाच होता, पुन्हा कायले लावू?"

"पन लोकायले वाटलं..."

"पब्लिकले काय समजते," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

मी तशीच बाजारगल्लीत गेले. धावतच म्हणा ना. मला मशीन नको होती आता, म्हणजे हवी होती, पण त्याहून तिनं एकदा "तू खरं बोलली" म्हणावं असं वाटत होतं. ती अंगणात हळकुंडं निवडत होती. मी सगळं सांगितलं, शेवटचा भाग मधेच लावला, कप्तान खरंच मरतो, शेवटी मरतो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मले काय मालूम? चित्रात अजून तिथपर्यंत आलंच नाई." मग तिच्या आईनं आतून हाक मारली आणि ती उठली.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी मशीन न मिळालेल्या दहा जणींना वर्गातले कापलेले कागद वाटून दिले. गळ्याचे, पाठीचे, बाहीचे. माझ्या वाट्याला आलेला गठ्ठा मी घरी उलगडला. त्यात एक बाही होती. जाड कागदाची, एका बाजूला मजकूर आणि त्यावर तिच्या गोल अक्षरात 'बाही, दंड बारा'. मी ती पालथी केली.

निळ्या कोटातला कप्तान होता. एकटा. मागे सूर्य. आणि पुढं, अगदी बाहीच्या गोलाईजवळ, दोन हातमोजे, एकावर एक, नीट ठेवलेले. कोपऱ्यात अंकाची तारीख कात्रीतून सुटली होती. तपासणीच्या आधी तीन आठवड्यांची.

तिनं पाहिलं होतं. मी सांगितलं तस्संच, हातमोज्यांसकट, तिच्या लाडक्या चित्रांत आलेलं तिनं पाहिलं होतं आणि ते पान वाचनालयातून घरी नेऊन त्याची बाही कापली होती. जाळलं असतं तर मला कधीच कळलं नसतं. पण चांगला जाड कागद शिवणारी बाई जाळत नाही. आणि तपासणीच्या दिवशी टेबलाच्या या बाजूला मी उभी होते. कागद पालथा घातला असता तर कप्तान वर आला असता. म्हणून तिनं पालथा घातला नाही. एकाच हाताच्या दोन बाह्या अशा झाल्या, आणि माझी मशीन अशी गेली. अर्थात हे मी जुळवलेलं. पण या वेळी मी म्हणते, मला वाटतं.

मी तो कागद घेऊन कोणाकडे गेले नाही. खोटारडीच्या हातातला कागद कोण बघतो?

पुढं सात वर्षांनी मी एक जुनी मशीन घेतली. तोवर मायचे हात गेलेलेच होते. वस्तीतल्या बायकांचे पोलके शिवत शिवत बाजारगल्लीतल्या बायकाही यायला लागल्या. हात साफ असला की लोक येतात, मग घर कोणत्याही कडेला असो. बाहीला मी तोच कागद वापरायची. कटिंग तिचं उत्तम होतं, ते नाकबूल कसं करू?

एकदा ती आली. माहेरपणाला आली होती, अंगानं भरलेली, कडेवर मूल. पोलक्याचं कापड घेऊन. "तूच शिव वं," म्हणाली, "तिकडचे शिंपी बाही बिघडवतात." मी माप घेतलं. ती समोर बाजेवर बसून इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत राहिली. कापड पुन्हा तोकडंच होतं. मी बाहीचा कागद ठेवला, दंडाला वाढवून खुणा केल्या आणि एक बाही कापली. मग कागद पालथा घातला. दुसऱ्या हाताची बाही हवी तर घालावाच लागतो.

तिचं बोलणं थांबलं. मी वर पाहिलं नाही, खडूची रेघ पूर्ण केली. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. रडेल, नाही तर निदान विचारेल की हा कागद तुझ्याकडे कसा. इतकी वर्षं मी तिच्या तोंडून एक वाक्य ऐकायला थांबले होते, आणि आता मी कात्री हातात धरून पुन्हा थांबले.

मूल कडेवर घेत ती म्हणाली, "बाही जरा ढिली ठेवजो."

मी मापाप्रमाणेच कापली.